बांध बांधला तर, नाही बांधला तर

डोलवीच्या खाडीकडच्या अंगाला बाहेरकाठ्याला, म्हणजे बाहेरच्या बांधाला, खांड पडली, ती पहिल्या उधाणात माणूसभर रुंद होती. आज तिच्यातून होडी जाते. आतल्या शेतांत भाताच्या जागी तिवरं उभी आहेत, आणि ती उभी राहिल्यामुळे खांड बुजवायची की नाही हा प्रश्न शेतीचा न राहता कायद्याचा होऊन बसला आहे.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक काका. जन्म खारेपाटातला, शेती केली, शेती पुरेना म्हणून कारखान्यात कंत्राटदाराकडे लागले, तिथूनच थकून घरी बसले. दुसऱ्या माझ्या वहिनी. माहेर रत्नागिरीचं, मुंबईत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, खाडीतल्या झाडांवर बरंच काम केलेलं. गणपतीत दोघं समोरासमोर बसले की बाकीच्यांना चहा आणून देण्यापुरतंच काम उरतं. यंदा मी वही घेऊन बसलो.

ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की उजव्या हाताला कारखान्याच्या चिमण्या दिसतात. त्यांच्या पलीकडे अंबा नदी आणि धरमतरची खाडी. या पट्ट्यातली बरीच शेतं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. ती शेतं म्हणून उरली आहेत ती फक्त बांधामुळे. खाडीलगतचा मोठा बांध तो बाहेरकाठा, आणि त्यात जागोजागी उघाड्या. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. जून-जुलैचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. काळा राता, भुरा राता ही इथली जुनी, मीठ सोसणारी भातं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, २, ३ या जाती दिल्या. पण कुठलंही भात मीठ सोसून सोसून किती सोसणार? झडपेत एखादा ओंडका अडकून ती रात्रभर उघडी राहिली तरी जवळचे चार तुकडे करपतात. खांड पडली तर बोलायलाच नको. नंतर बांध झाला तरी जमीन ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे जातात.

काकांनी सुरुवात केली ती थेट.

"सूनबाई, मला एक सांग. घरात पाणी शिरायला लागलं तर दार लावायला तू कोणाची परवानगी घेतेस?"

"दाराच्या आत दुसरं कुणी राहायला आलं असेल तर घ्यावी लागते, काका."

"आलं म्हणजे? दार लावायला उशीर कोणी केला? पहिल्या वर्षी खांड दहा हात होती. अर्ज दिला. साहेब आले, टेप लावून गेले. इस्टिमेट झालं, पैसा नाय. दुसऱ्या वर्षी खांड मोठी झाली, मग इस्टिमेट जुनं झालं. नवं होईपर्यंत शेतात तिवर. आता म्हणतात, तिवर हाय, हात लावायचा नाय. अरे पण तिवर आलं कशामुळं? तुम्ही आला नाय म्हणून!"

वहिनींनी हे नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं असं की तिवर कशामुळे आलं याचा आणि ते आता तिथे काय काम करतं याचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. तिवरांची दाटी लाटेचा जोर मोडते, गाळ धरते, माशांची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. "ज्या बांधापुढे तिवरांचा पट्टा आहे तो बांध टिकतो, हे तुम्हीच मला पहिल्यांदा दाखवलं होतं. जिथे पुढे झाड नाही तिथे लाट थेट मातीवर आपटते."

"पुढं असू दे की. पुढं असलेलं मी कधी तोडलंय? आत नको म्हणतोय."

"आत आणि पुढे हे ठरवणारी रेघ म्हणजे बांध. बांधच राहिला नाही, तर कायद्याने रेघ कुठे ओढायची?"

इथे कायदा आला, आणि कायद्याचं मूळ बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 'बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप'च्या याचिकेवर राज्यभर कांदळवनं, म्हणजे तिवरांची रानं, तोडायला मनाई केली, त्यांच्या भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम थांबवलं. जमीन कोणाच्या मालकीची आहे हे त्यात बघितलेलं नाही. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ही मनाई पक्की केली. सार्वजनिक हिताचं काम असेल, तर न्यायालयाकडे जाऊन परवानगी मागायची. आदेशामागे जे चित्र होतं ते मुंबईचं. तिवरांत डेब्रिजचे ट्रक रिकामे करायचे, भरतीचं पाणी अडवून झाडं वाळवायची, आणि मग 'इथे कांदळवन नाहीच' म्हणून जमीन मोकळी करून घ्यायची. ती वाट बंद करणं भागच होतं. माझ्या मते आदेश आला नसता तर ठाण्याच्या खाडीचा काठ आज ओळखू आला नसता.

काकांना यातलं बरंच ठाऊक आहे. "ते मुंबईचं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी कुठं इमारत बांधतोय? मला भात लावायचंय. सातबारावर भात लिहिलेलं हाय, बापाच्या नावानं हाय, सरकारनंच लिहिलेलं हाय. तेवढं बघून परवानगी द्यायला काय हरकत?"

"आज तुम्हाला दिली तर उद्या कोण सातबारा घेऊन रांगेत उभं राहील सांगा," वहिनी म्हणाल्या. "खाडीकाठच्या किती जमिनी कोणी कोणी घेऊन ठेवल्यात, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. त्यांच्याही उताऱ्यावर भातच लिहिलेलं असतं. बांध मुद्दाम फोडणारे जसे असतात, तसे शेतीच्या नावाने बांध घालून आत भराव टाकणारेही असतात. कायद्याला तुमचा चेहरा दिसत नाही, काका. फक्त कागद दिसतो."

काका गप्प झाले. मला वाटलं, हा मुद्दा वहिनींनी जिंकला. पण काकांनी वेगळ्याच बाजूने तोंड काढलं.

"मंग तू मला एवढंच सांग. दिल्लीचा तो जंगलाचा रिपोर्ट येतो ना, त्यात महाराष्ट्रात तिवर वाढलं म्हणून लिहितात. किती वाढलं?"

वहिनींनी आकडे सांगितले. देशाच्या वनसर्वेक्षण अहवालात २०१३ साली महाराष्ट्रातलं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ३२४.

"त्यात आमची शेतं किती?"

त्याचा वेगळा रकाना अहवालात नाही. वाढ रोपणाने झाली, संरक्षणामुळे झाली, मोजणी सुधारल्यामुळे झाली असं सांगता येतं. पण एखाद्या गावची भातशेती बुडून त्यावर जे रान माजलं तेही त्याच हिरव्या रंगात मोजलं जातं. वहिनींना हे खुपतं हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "वाढलेलं प्रत्येक झाड म्हणजे यश असं मी कधी वर्गात शिकवत नाही."

यानंतर बोलणं जोळावर गेलं, आणि इथे काकांचा स्वर बदलला. जोळ म्हणजे गावाने मिळून बांध राखायची पद्धत. ज्याची जमीन जितकी तितकी त्याने माणसं द्यायची. भांगाचे दिवस बघायचे, म्हणजे भरतीला जोर नसतो. ओहोटी लागली की माणसांची रांग, हातोहात चिखल, मध्ये पेंढा, आणि पाणी परत फिरायच्या आत काम उरकायचं.

"बांध फुटतो कसा, ते तुझ्या पुस्तकात हाय काय?" काकांनी विचारलं. "चिंबोरी बीळ करते. तीन बोटं जातील एवढं. बाहेरून आत. भरतीला बांधाच्या आतल्या अंगाला बुडबुडे यायला लागतात, मग पाणी झिरपतं. ते पाणी ओंजळीत घ्यायचं. निवळ असलं तर जाऊन झोपायचं. गढूळ असलं तर समजायचं, बांधाची माती आतून चाललीय. मंग रात्र असो, पाऊस असो, हाळी द्यायची. दोन पाट्या चिखल. दोन पाट्यांत भागतं काम."

"आणि आता?"

"आता गढूळ पाणी बघायला बांधावर जातो कोण? पोरं पहिल्या पाळीला. आणि दोन पाट्या चिखलाचं इस्टिमेट होत नाय. खांड पडली की मंग होतं."

सगळ्या चर्चेत मला हे वाक्य सगळ्यात खोल गेलेलं वाटलं. सरकारी खर्चाला काम दिसावं लागतं, मोजता यावं लागतं. जो बांध फुटला नाही त्याच्यावर कोणी काय केलं याची नोंद कुठल्या मोजमाप-वहीत करणार?

पण जोळाची आठवण जितकी गोड, तितका तिचा इतिहास साधा नाही. वहिनींनी तिथेच बोट ठेवलं. "काका, जोळात चिखल कोण वाहत होतं आणि भात कोणाच्या कोठारात जात होतं, तेही सांगा."

खरं आहे. कुलाबा जिल्ह्यात खारीचे बांध राखायची जुनी व्यवस्था शिलोत्रीची होती. शिलोत्रीदाराने बांध घालायचा आणि दुरुस्त ठेवायचा, त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे ठरलेलं धान्य घ्यायचं. त्याच्या जोडीला खोत. बांध फुटला तर खोताचंही उत्पन्न बुडे, म्हणून तो बांधाकडे लक्ष ठेवी. त्याचा स्वार्थ बांधाला उपयोगी पडे आणि कुळाच्या मानेवर बसे. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमीन कसली नाही. भाताच्या कोठारात राहणाऱ्या माणसांनी सहा वर्षं मोलमजुरी करून दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, खोत गेला. फार चांगलं झालं.

आणि त्याचबरोबर बांधाला वाली उरला नाही. हे ओळखून १९४८ मध्येच खारजमिनींचा वेगळा कायदा झाला, पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. बांध सरकारचा झाला. गोव्यात खाजन जमिनींचं असंच झालं. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांध आणि मानशी, म्हणजे तिथल्या उघाड्या, राखायचं काम गावकाऱ्यांकडून, म्हणजे जुन्या गावसंस्थांकडून, कुळांच्या संघांकडे गेलं. काही संघांनी ते केलं. काही ठिकाणी मात्र मानशीवरच्या मासळीच्या लिलावाचे पैसे भाताहून मोठे ठरले, आणि खारं पाणी आत यावं अशीच ज्यांची इच्छा, त्यांच्याच हातात झडप आली.

"म्हणजे तुझं म्हणणं, खोत बरा होता?" काका उसळले.

"मी कधी म्हटलं? खोत जायलाच हवा होता. मी एवढंच म्हणते की तेव्हा कोणी विचारलं असतं, खोत गेल्यावर गढूळ पाणी बघायला रात्री बांधावर कोण जाईल, तर त्याला खोताचा हस्तक म्हणून गप्प केलं असतं. आज मी तिवराबद्दल बोलले की मला शेतकऱ्यांची वैरीण म्हणतात, तसंच."

काका हसले. त्यांनीच वहिनींना एकदा तसं म्हटलं होतं.

वहिनींनी मग बांगलादेशचं उदाहरण काढलं. काका अशा वेळी भिंतीला टेकून डोळे मिटतात, पण ऐकतात. खुलना-जशोरच्या बाजूला १९६० च्या दशकात समुद्राचं खारं पाणी थोपवायला मोठाले बांध घातले गेले. सुरुवातीला भात उत्तम आलं. पण भरतीबरोबर येणारा गाळ पूर्वी शेतांवर पसरत असे, तो आता बांधाबाहेर नदीच्या पात्रातच बसू लागला. पात्र वर आलं, आतली जमीन खाली राहिली, पावसाचं पाणी बाहेर पडेना. ज्या बांधाने मीठ अडवलं त्यानेच गोडं पाणी कोंडलं. बील डकातिया नावाच्या पाणथळीत वर्षानुवर्षं पाणी तुंबलं आणि अखेर १९९० मध्ये लोकांनी स्वतः बांध फोडला. १९९७ मध्ये बील भायना इथे तेच केलं. गाळ आत आला, जमीन उंचावली, नदी खोल झाली. सरकारी अभियंत्यांनी नंतर त्यालाच योजनेचं रूप दिलं. एकेक पाणथळ काही वर्षं भरतीला मोकळी सोडायची, मग बंद करून पुन्हा पिकाखाली आणायची.

"मग आपल्याकडची खांडही तेच काम करत असेल," वहिनी म्हणाल्या. "तुमचं शेत उंचावत असेल."

काकांनी डोळे उघडले. "त्यांनी ठरवून फोडला. कुठला, किती वर्षं, ते बोलून ठरवलं. आमचा फुटला, आणि कोणी काही ठरवलं नाय. आणि ज्याचं शेत तेवढी वर्षं पाण्याखाली, त्याला काय दिलं तिथं?"

भरपाई ठरली होती. ती वेळेवर पोचली नाही, म्हणून पुढच्या पाणथळींतल्या शेतकऱ्यांनी योजनेला विरोध केला. वहिनींनी हे लपवलं नाही.

"बघ!" काका म्हणाले.

आपल्या खाडीचं पात्रही बदललेलं आहे. रस्ते, वसाहती, उद्योग यांचे भराव सखल जमिनीवर झाले की भरतीला पसरायला जागा कमी पडते. वरून येणारं पाणी वेगळंच. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्याची काय दशा केली ते या खोऱ्यात कोणी विसरलेलं नाही. पूर आणि उधाण एका वेळी आलं की उघाड्या मिटलेल्या आणि आत तळं. कारखान्याकडे जाणाऱ्या बार्जेसची ये-जाही वाढली. त्यांच्या लाटांनी बांध झिजतात अशी खाडीकाठच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. १९९० च्या दशकात इस्पातने सुरू केलेला आणि २०१० च्या शेवटी जेएसडब्ल्यूकडे गेलेला हा कारखाना आता वर्षाला एक कोटी टन पोलादाच्या क्षमतेचा आहे. एवढं लोहखनिज आणि कोळसा आणायचा, तर खाडी शांत कशी राहणार?

मला वाटलं होतं काका इथे तावातावाने बोलतील. ते बोलले ते असं: "कारखान्याला मी नावं ठेवणार नाय. दोन पोरांची लग्नं त्या पगारावर झाली. पण पगार आला आणि जोळ मोडला, हेपण खरं. शेतात काय मिळतं, पाळीत काय मिळतं, पोराला दिसतं. मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू, सुट्टी टाक आणि चिखल वाहायला ये?"

वहिनींकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो त्यांनी जरा उशिराच काढला. खांडीतून आत भरती येते, तिच्याबरोबर चिंबोऱ्या, कोळंबी, निवटे, कधी जिताड्याची पिल्लं. कातकरी वाड्यांवरच्या बाया ओहोटीला तिथे उतरतात आणि टोपली भरून वडखळच्या नाक्यावर नेतात. "खांड बुजवली की त्यांचं काय? त्यांच्या नावाने सातबारा नाही, तिवर नाही, काहीच नाही. तुमच्या अर्जातही त्या नाहीत आणि माझ्या अहवालातही नाहीत."

"त्या आधी आमच्या शेतात यायच्या. मुठे धरायला. आम्ही कधी अडवलं नाय."

"आणि पगार मिळायचा तो लावणीला."

"हो. लावणी-कापणीला."

म्हणजे त्यांचाही हिशेब एका बाजूचा नाही. खांडीने त्यांना चिंबोरी दिली आणि हंगामाची मजुरी काढून घेतली. दोघांपैकी कोणीही त्यांना विचारलेलं नव्हतं.

इथे मला माझं मत सांगायला हवं, कारण दोघांत पंच म्हणून बसायचा मला कंटाळा आला होता. बांध दुरुस्त केला तर काय बिघडेल, हे लिहायला आपल्याकडे भरपूर जागा आहे. किती झाडं जातील, किती हेक्टर कांदळवन बाधित होईल, पर्यायी रोपण कुठे करणार, असे तक्ते भरावे लागतात, आणि ते भरावेच लागावेत. पण बांध दुरुस्त केला नाही तर काय बिघडेल, हे लिहायला एकही तक्ता नाही. फाईल टेबलावर पडून असते तेव्हा जणू काहीच घडत नाही, अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या काळात दर महिन्याला दोन उधाणं येतात. खांड रुंद होते, शेजारची चार शेतं खारतात, तिवराची बी पाण्याबरोबर आत येऊन रुजते, आणि एके दिवशी फाईल उघडली जाते तेव्हा प्रश्नच बदललेला असतो. इलाजाचे दुष्परिणाम मोजणारी माणसं नेमली, पण दिरंगाईचे दुष्परिणाम मोजणारा माणूस कुठल्याच खात्यात नाही. त्यामुळे ज्याला काही करायचंच नाही त्याला पर्यावरणाच्या आडोशाला चांगली जागा मिळते, आणि खरोखर पर्यावरणासाठी धडपडणारी वहिनींसारखी माणसं फुकट शिव्या खातात.

वहिनींना हे पूर्ण पटलं नाही. घाईचेही तक्ते कोणी भरत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत खारं पाणी रोखण्यासाठीच्या कामाला वाट ठेवलेली आहे; न्यायालयानेही सार्वजनिक कामासाठी दार पूर्ण लावलेलं नाही. "दार आहे, काका. त्याच्यापर्यंत नीट कागद घेऊन कोणी जात नाही. जे जातात ते पूर्ण बांध मागतात, जसा होता तसा. म्हणजे आतलं सगळं रान कापायचं. ते मिळणार नाही आणि मिळूही नये."

"मंग काय मागू?"

वहिनींनी माझ्या हातातली वही घेतली आणि रेघा मारल्या. ही खाडी. हा मोडलेला बाहेरकाठा. इथवर दाट तिवर. इथे तुरळक. इथून मागे जमीन अजून उघडी, गवताळ. बांध या मागच्या जागेवर घालायचा. पुढची शेतं सोडून द्यायची, ती आता खाडीची. तिवरांचा पट्टा नव्या बांधापुढे आपोआप तयारच आहे, त्यामुळे बांध टिकेलही.

काकांनी वही जवळ घेतली आणि बराच वेळ बघितली. "आणि ते ५० मीटर?"

"ते तिवरांच्या कडेपासून मागे मोजायचे. म्हणजे बांध आणखी आत येईल."

"म्हणजे आणखी ५० मीटर शेत गेलं. ज्यात तिवर नाय, तेपण."

"हो."

"माझं शेत मागं हाय. मला तुझा बांध पटला." काका एकदम म्हणाले. मग रेघेवर बोट ठेवून, "पण या पुढच्या तुकड्यांत माझ्या मेव्हण्याचं हाय. त्याच्या पलीकडं दोन भावकीतले. त्यांना मी जाऊन काय सांगू? तुमचं बुडालंच हाय, तेव्हा आता कागदावरपण बुडवा, म्हणजे माझं सुकेल?"

यावर वहिनींकडे वनस्पतिशास्त्रातलं उत्तर नव्हतं. सरकारी भूसंपादन करता येईल का, असं त्या म्हणाल्या. काकांनी हात झटकला. त्यातही फाईल आली. मग ते स्वतःच विचार करत बोलू लागले. मागच्या ज्यांची शेतं वाचणार त्यांनी वाचलेल्या जमिनीतून पुढच्यांना काही द्यायचं. गुंठे द्यायचे, नाही तर दरवर्षी भात द्यायचं. शिलोत्रीला बिघ्यामागे देत होते, तसं भावाला द्यायचं. खोताला दिलं तेव्हा पोटात दुखलं, भावाला देताना किती दुखेल ते बघावं लागेल.

"आणि नव्या बांधावर रात्री कोण जाईल?" मी विचारलं.

"त्याला पगार," काका म्हणाले. "गावानं एक माणूस ठेवायचा, पावसाळ्याचे चार महिने. कातकरी वाडीतला ठेवला तर बरं, त्यांना चिंबोरीचं बीळ आमच्यापेक्षा आधी दिसतं. उघाडीवरची मासळी त्याची."

"सगळी मासळी त्याची केली तर तो झडप उघडी ठेवील," वहिनी म्हणाल्या. "गोव्यात तेच झालं."

"मंग अर्धी."

"अर्ध्यासाठीही ठेवील. भात चांगलं आलं तरच त्याला जास्त मिळेल असं काहीतरी बांधा. कणगीमागे ठरवा."

दोघं यावर अडले ते अडलेच. काकांचं म्हणणं, भाताशी बांधलं तर दुष्काळी वर्षी तो माणूस उपाशी मरेल. वहिनींचं म्हणणं, मासळीशी बांधलं तर शेत. जेवायला बोलावणं आलं तेव्हा पुढच्या तुकड्यांच्या मालकांची बैठक घ्यायची एवढं ठरलं होतं. वहिनी शनिवारी येते म्हणाल्या.

"शनिवार चालंल, पण चारनंतर ठेव," काका म्हणाले. "पहिली पाळी सुटल्याशिवाय पोरं येत नाय. आणि मेव्हण्याला तू फोन कर. माझ्या तोंडून त्यानं ऐकलं तर तो म्हणंल, याचं शेत मागं हाय म्हणून हा आता पर्यावरणवाला झाला."